अण्णांचे मॅक्रो

माझे सासरे प्रोग्रॅम चालवताना उभे राहतात. खुर्ची मागं सरकवतात, शर्टाचं वरचं बटण लावतात, एका बोटानं कळ दाबतात आणि एक पाऊल मागं येऊन हात बांधून थांबतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, लॅपटॉपचा शॉक बसला. तसं काही नव्हतं. आपण कुणाला काम सांगितलं, तर ते होईपर्यंत बसून राहणं बरं दिसत नाही, असं त्यांचं मत होतं.

आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणतो. त्यांनी सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात आरेखक म्हणून काढली. कालव्यांचे आणि चाऱ्यांचे नकाशे काढले, तेही हातानं. रेघ कुठून सुरू होते आणि कुठं संपते हे माहीत असल्याशिवाय पेन्सिल टेकवायची नाही, ही त्यांची शिस्त. बोलण्यातही तीच. मी घरात शिरता शिरता "काय अण्णा, बरं आहे ना?" म्हणालो, की ते विचारत, "मोघम नको जावईबापू. गुडघ्याचं विचारता का पोटाचं?"

मी स्वतः सॉफ्टवेअरमध्ये आहे. चिकलठाण्याच्या एका छोट्या कंपनीत काम करतो आणि रविवारी सुट्टी असते, म्हणजे असायची. अण्णांना प्रोग्रॅमिंगचं वेड लागल्यापासून माझा रविवार सिडकोतल्या त्यांच्या घरी जमा होऊ लागला.

याचं मूळ होतं पाण्यात. आमच्या शहरात नळाला पाणी रोज येत नाही, हे बाहेरच्यांना सांगावं लागतं. मधे किती दिवस जातील ते कुणी सांगू शकत नाही. आलं की तासभर येतं, आणि तेवढ्यात मोटार लावून हौद भरून घ्यायचा. तो तास चुकला की पुढचे सगळे दिवस बादली हातात घेऊन दुसऱ्याच्या दारात. अण्णांच्या गल्लीत मात्र कुणाचा तास सहसा चुकत नसे, कारण पाणी सोडणारा लाइनमन आधी अण्णांना फोन करी आणि अण्णा गल्लीतल्या एकेका घराला कळवत. हे काम त्यांना कुणी दिलेलं नव्हतं. निवृत्त झाल्यावर त्यांनी ते आपसूक अंगावर घेतलं आणि पुढं ते त्यांचंच झालं.

दोन वर्षांपूर्वी माझ्या सासूबाई पुण्याला गेल्या, मुलाकडं. निखिल, म्हणजे माझा मेहुणा, आणि त्याची बायको दोघंही नोकरी करतात, लेकरू लहान होतं, म्हणून काही महिन्यांसाठी गेल्या आणि तिकडंच राहिल्या. अण्णा इथं एकटे. सगळ्यांनी त्यांना पुण्याला चला म्हणून सांगून पाहिलं. प्रत्येक वेळी त्यांचं उत्तर एकच. पाण्याचं कोण बघणार?

तेव्हा निखिलनंच एक जुना लॅपटॉप पाठवला आणि म्हणाला, की अण्णा, हे काम कॉम्प्युटरसुद्धा करील. त्याला वाटलं अण्णा हसून सोडून देतील. अण्णांनी आठवडाभर त्या लॅपटॉपवरचे धडे बघितले आणि प्रोग्रॅमिंग शिकायला लागले.

इथवर मला कौतुकच होतं. पण शिकायला त्यांनी जी भाषा निवडली तिच्यात कंसच कंस. एका ओळीच्या शेवटी इतके कंस मिटवावे लागतात, की अण्णा ते पेन्सिलच्या टोकानं मोजत. ही भाषा का, असं विचारलं तर म्हणाले, हिच्यात मॅक्रो चांगले आहेत.

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मॅक्रो म्हणजे प्रोग्रॅम लिहून देणारा प्रोग्रॅम. आपण एक ओळ लिहायची, मॅक्रोनं तिच्या जागी दहा ओळी लिहायच्या, आणि मग त्या दहा ओळी चालणार. चालला तर फार सुंदर. चुकला तर चूक शोधायची त्या दहा ओळींत, ज्या आपण लिहिलेल्या नसतात आणि आपल्याला दिसतही नसतात. आमच्या ऑफिसात मुरलेली माणसंसुद्धा मॅक्रोला हात लावायच्या आधी बाहेर जाऊन चहा पिऊन येतात. अण्णांनी सुरुवातच तिथून केली. नकाशाच्या कामात त्यांनी जन्मभर स्टेन्सिल वापरली होती. मॅक्रो म्हणजे त्यांना स्टेन्सिलच वाटली.

मी पहिल्याच रविवारी सांगून बघितलं, की अण्णा, याला मॅक्रो कशाला? सगळ्या घरांची एक यादी करू आणि प्रत्येकाला तोच निरोप पाठवू, चार ओळींचं काम आहे. अण्णांनी चष्मा काढला.

"मी माणसांना घाऊक निरोप देत नाही," ते म्हणाले.

मग त्यांनी एकेक घर सांगायला घेतलं. शेजारच्या क्षीरसागर आजींना ऐकू कमी येतं. त्यांना मेसेज दिसत नाही, त्यांचा फोन बराच वेळ वाजायला पाहिजे. पलीकडचे भालेराव वाळूजला कंपनीत आहेत. त्यांची रात्रपाळी असली की दिवसा त्यांचा फोन वाजता कामा नये, त्यांच्या बायकोला मेसेज करायचा. समोरचे कलीमभाई दुकानावर असतात. त्यांना पाणी यायच्या बरंच आधी कळलं तर ते घरी पोहोचणार. असं घरागणिक वेगळं. आणि म्हणून मॅक्रो, घरागणिक वेगळा कोड लिहून देणारा. मी म्हणालो, यालाही साधा उपाय आहे. पण तोवर जेवायला बसायची वेळ झाली होती. अण्णांनी मला आग्रहानं भात वाढला आणि विषय संपवला.

इथं माझी खरी अडचण सांगायला हवी. ऑफिसात नवीन पोरगं असतं तर मी त्याला सरळ म्हणालो असतो, हे चूक आहे, खोडून परत लिही. सासऱ्याला जावई असं म्हणत नाही. आणि जावयाला सासरा "तुम्हाला कळत नाही" म्हणत नाही. त्यामुळं आमची सगळी शिकवणी अदबीनं चाले. मी म्हणायचं, "अण्णा, हा कंस इथं मिटवला तर कसं वाटेल?" त्यांनी म्हणायचं, "आपण म्हणता ते बरोबर असेल, पण मला तिथंच ठेवू द्या." कंस तिथंच राहायचा. प्रोग्रॅम बंद पडायचा. अण्णा उभे असायचे.

पहिला गोंधळ वेळेचा झाला. प्रोग्रॅममध्ये पाणी किती वाजता येणार त्याला अण्णांनी नाव दिलं होतं 'वेळ'. आणि मॅक्रोच्या आत, फोन किती सेकंद वाजवायचा, त्यालाही नाव दिलं 'वेळ'. मॅक्रो चालला, त्याचा कोड मोठ्या कोडात जाऊन बसला, आणि आतल्या वेळेनं बाहेरची वेळ गिळली. क्षीरसागर आजींसाठी फोन चाळीस सेकंद वाजायचा होता. तेवढ्यावरून गल्लीतल्या घरांना कळलं, की पाणी आज चाळीस वाजता येणार.

लोक चांगले, कुणी रागावलं नाही. कलीमभाईंनी तेवढं येऊन विचारलं, की अण्णा, ये चालीस बजे कब बजते? अण्णांनी माफी मागितली आणि मला फोन लावला. मी समजावलं, की एकाच घरात एकाच नावाची दोन माणसं असली तर हाक कुणाला गेली कळत नाही, तसं झालंय. आतल्याचं नाव बदला. अण्णा म्हणाले, वेळेला वेळ नाही म्हणायचं तर काय म्हणायचं? यावर एक पूर्ण रविवार गेला. शेवटी 'फोन-वाजण्याचा-अवधी' हे नाव कबूल झालं, कारण ते खात्याच्या पत्रासारखं दिसत होतं.

घरी आल्यावर मी बायकोसमोर डोकं धरून बसलो. अश्विनीला बापाची दया आली नाही. ती म्हणाली, तुला कळत कसं नाही, ते मुद्दाम करतायत. प्रोग्रॅम नीट चालला तर पुण्याला न जायचं कारण संपतं. म्हणून तो चालू द्यायचाच नाही. निखिलचंही तेच म्हणणं होतं. "दाजी, तुम्ही कसंही करून ते पूर्ण करा," तो फोनवर म्हणाला, "म्हणजे अण्णांचा बहाणा तरी संपेल." मला ते पटलं. खरं म्हणजे पटवून घेतलं, कारण एखादा हुशार माणूस खरोखर इतक्या चुका करू शकतो, यापेक्षा तो मुद्दाम करतोय, हे मानणं सोपं होतं.

त्यानंतरचा गोंधळ मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता.

पाणी आलं एका दुपारी. अण्णांनी कळ दाबली, उभे राहिले. भालेराव रात्रपाळी करून आलेले, नुकता डोळा लागलेला. त्यांच्या उशाशी फोन वाजायला लागला आणि थांबेचना. क्षीरसागर आजींकडं ना फोन वाजला ना मेसेज गेला. एक घर सोडून एक घर असं गल्लीतल्या निम्म्या घरांचं पाणी चुकलं. मी संध्याकाळी पोहोचलो तेव्हा अण्णांनी आपल्या हौदातून आजींच्या हौदात रबरी नळी सोडली होती आणि नळीची गाठ सोडवत ते ओल्या पायांनी अंगणात उभे होते. त्यांच्या स्वतःच्या हौदाचा तळ दिसत होता.

मी आत जाऊन कोड उघडला. चूक लगेच दिसली. आमच्या धंद्यात ही नवशिक्याची ठरलेली चूक आहे. त्यांनी मॅक्रोला दिलं होतं 'पुढचं-घर', म्हणजे यादीतून पुढच्या घराच्या नावाची पाटी उचल. मॅक्रो आपल्या दहा ओळींत ते दोन ठिकाणी लिहीत होता. एकदा त्या घराला कसं कळवायचं हे बघताना आणि परत एकदा प्रत्यक्ष कळवताना. दोन्ही वेळा पुढची पाटी उचलली जायची. पद्धत बघितली आजींची, फोन लागला भालेरावांना. आजी मधल्यामधे गायब.

मी हे अण्णांना सांगितलं. ते म्हणाले, "मी पुढचं घर एकदाच म्हणालो."

मी म्हणालो, तुम्ही एकदा म्हणालात, पण मॅक्रोनं दोनदा लिहिलं. ते म्हणाले, मी त्याला दोनदा लिहायला सांगितलं नाही. मी म्हणालो, सांगितलंय. ते म्हणाले, कुठं? मी पडद्यावर बोट ठेवलं. त्यांनी चष्मा वर करून बघितलं आणि शांतपणे म्हणाले, 'पुढचं-घर' तर मला एकदाच दिसतंय, बाकी आहे ते मी त्याला दिलेलं नाव, ते दोनदा वापरायला दोष काय? असं चांगला तास-दीड तास चाललं. चहा झाला, परत तेच. शेवटी माझा तोल गेला. आवाज चढवला नाही, पण बोलायचं नव्हतं ते बोललो.

"अण्णा, मला वाटतं तुम्हाला हे पूर्ण करायचंच नाही."

ते म्हणाले, "मोघम नको. काय म्हणायचंय?"

"तुम्हाला पुण्याला जायचं नाही. म्हणून हे असं रखडतंय. अश्विनीलाही तसंच वाटतं."

जावयानं असं बोलायचं नसतं. अण्णांनी उठून ओला टॉवेल दोरीवर टाकला, त्याच्या कडा जुळवल्या, परत आले आणि खुर्चीवर बसले. म्हणाले, "तो मॅक्रो जे लिहितो ते मला कागदावर मिळेल का? सगळं. त्यानं लिहिलेलं."

हे मला आधी सुचायला हवं होतं. मॅक्रो उलगडून दाखवायची सोय त्या भाषेत असते. मी उलगडलं आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून छापून आणलं. अण्णांनी तो कागद टेबलावर पसरला, चारी कोपऱ्यांवर वजनं ठेवली, पट्टी घेतली आणि नकाशा तपासावा तसे वरून खाली येऊ लागले. पट्टी एका ओळीवर थांबली, खाली गेली, परत वर आली. त्यांनी पेन्सिलनं दोन गोल केले.

"हे दोनदा आलंय," ते म्हणाले.

मी म्हणालो, हो अण्णा.

"मग पाटी एकदा उचलायची, हातात धरायची, आणि पुढं सगळीकडं हातातली वापरायची. असंच ना?"

असंच. आणि हातातल्या पाटीला असं नाव द्यायचं, की दुसऱ्या कुणाशी जुळणार नाही. त्याची सोय ती भाषाच करते. ते त्यांनी स्वतः लिहिलं, एका बोटानं, कंस मोजत. मी कळफलकाला हातसुद्धा लावला नाही. निघताना ते दारापर्यंत आले, पण मघाचा विषय त्यांनीही काढला नाही आणि मीही नाही. घरी येईपर्यंत मला फार ओशाळल्यासारखं झालं.

पुढचं पाणी रविवारी सकाळीच आलं. अश्विनीनं डबा दिला होता म्हणून मी लवकर गेलो होतो. लाइनमनचा फोन आला, अण्णांनी बटण लावलं, कळ दाबली आणि उभे राहिले. यावेळी मीही उभा राहिलो. आधी समोरून कलीमभाईंची मोटारसायकल गल्लीत शिरली. मग शेजारी क्षीरसागर आजींचा फोन वाजायला लागला, वाजत राहिला, वाजत राहिला, आणि आजींचा आवाज आला, "आले, आले." भालेरावांच्या घरून काहीच ऐकू आलं नाही, पण त्यांची बायको ओढणी सारखी करत बाहेर आली आणि पाऊल न वाजवता मोटारीचं बटण दाबून गेली. एकेक करून सगळ्या गल्लीतल्या मोटारी घुमू लागल्या. अण्णा खिडकीत उभे राहून ऐकत होते. कुठल्या घराची मोटार कुठली, हे त्यांना आवाजावरून कळत असावं, कारण शेवटची सुरू झाल्यावर त्यांनी मान हलवली आणि पडदा सोडला.

मला वाटलं आता नवीन काहीतरी निघणार. मेसेजचा रंग वगैरे.

"मी गल्लीत नसलो तरी हे चालेल का?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, लाइनमन तुम्हाला मोबाइलवर फोन करतो, तुम्ही कुठूनही कळ दाबू शकता. त्यांनी परत विचारलं, पुण्यातून? मी म्हणालो, पुण्यातून काय, कुठूनही. ते "बरं" म्हणाले आणि लॅपटॉप मिटून आतल्या खोलीत घेऊन गेले. बाहेर आले ते लॅपटॉपची बॅग आणि कपड्यांची पिशवी घेऊन. ती भरलेली होती.

"मला स्टँडवर सोडता का?" ते म्हणाले. "दुपारची गाडी आहे. तिकीट काढून ठेवलंय."

निखिलला कळवलं का, असं विचारलं तर म्हणाले, नाही, आणि तुम्हीही कळवू नका. सासूबाईंना? त्यांना तर मुळीच नाही. कळवलं तर ती आत्तापासून स्वयंपाक करत बसेल.

आम्ही गाडीनं निघालो. क्रांती चौकाच्या सिग्नलला आम्ही थांबलो तेव्हा त्यांनी आपणहून सुरुवात केली. म्हणाले, नातू आता शाळेत जातो. पोरगा आणि सून सकाळी बाहेर पडतात ते दिवे लागल्यावर येतात. अश्विनीची आई दिवसभर अकराव्या मजल्यावर एकटी.

"रोज दुपारी मला फोन करती आणि विचारती, पाणी आलं का," अण्णा म्हणाले. "तिथं चोवीस तास नळाला पाणी आहे. तिला इथल्या पाण्याचं काय करायचंय? पण ती दुसरं काही विचारत नाही. मीबी सांगत नाही."

सिग्नल सुटला. मी गाडी पुढं घेतली.

"तुम्ही म्हणाला होता त्या दिवशी, मला जायचं नाही म्हणून. मला केव्हाचंच जायचं होतं ओ. पण आजींना तसंच टाकून कसं जाणार? आणि या वयात पोराच्या दारात उभं राहून काय सांगायचं? तुझ्या आईवाचून करमत नाही म्हणून आलो, असं सांगता येतं का? आता सांगता येईल. प्रोग्रॅम पुण्याहून चालतो का, त्याची चाचणी घ्यायला आलोय म्हणेन."

अश्विनीला आणि निखिलला काय सांगायचं याचा विचार करत मी स्टँडच्या आवारात गाडी लावली आणि मागच्या सीटवरची लॅपटॉपची बॅग खांद्याला अडकवली. अण्णांनी ती लगेच माझ्याकडून घेतली आणि दोन्ही हातांवर आडवी धरली, ताट धरावं तशी.

"अण्णा, लॅपटॉपला तेवढ्यानं काही होत नाही," मी म्हणालो.

"लॅपटॉप कपड्यांच्या पिशवीत आहे," ते म्हणाले. "या बॅगेला आतून मऊ अस्तर आहे, म्हणून हिच्यात इमरती ठेवली. सकाळी गुलमंडीवरून आणली. पाक गळला नाही पाहिजे."

पुण्याची गाडी लागलेली होती. अण्णा खिडकीजवळ बसले, बॅग मांडीवर सपाट ठेवली आणि गाडी हलेपर्यंत तिच्यावरचे दोन्ही हात त्यांनी काढले नाहीत.